भंगजन्य कण-उत्सर्जन

एखादा घन पदार्थ तुटत, फुटत वा सोलला जात असताना व त्यानंतर काही काळ, त्याच्या नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठभागांपासून इलेक्ट्रॉन, आयन (विद्युत् भारित अणू वा रेणू), उदासीन अणू व रेणू आणि फोटॉन (प्रकाशकण) बाहेर पडतात. या आविष्कारास ‘भंगजन्य कण-उत्सर्जन’ असे म्हणतात. स्फटिक, काच, धातूवरील ऑक्साइडांचे थर, खडक, चिकटद्रव्ये व बहुवारिके (अनेक लहान रेणूंच्या जोडणीने बनलेले प्रचंड रेणू असलेली द्रव्ये) अशा अनेक पदार्थांत तो आढळतो. उच्च बलाच्या संश्लिष्ट तंतूंच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आले आहे. हे तंतू दोरखंड, टायर, चिलखती कपडे, दाबपात्रे व अवकाशयानांचे भाग यांत वापरतात. अशा वस्तूंतील तंतू केव्हा व कसा तुटेल यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. तंतू तुटताना बाहेर पडणारे कण ही त्या तुटण्याची रेणवीय पातळीवरील नोंद असते.

साखरेतील आविष्कार : या आविष्काराचे सर्वांत सुलभ उदाहरण साखरेचे आहे. खडीसाखरेचा मोठा खडा पूर्ण अंधाऱ्या खोलीत पकडीने फोडल्यास क्षणभर फिकट निळसर प्रकाश चमकतो. मात्र त्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे अंधारात राहून डोळे सरावलेले असावे लागतात आणि खडा कोरडा असावा लागतो. फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञांनी १६२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, कठीण साखर अंधारात फोडली वा सुरीने खरवडली असता चमकते, अशी नोंद केली आहे. महाराष्ट्रात हे उदाहरण अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्याला विशेष लागू पडते. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व त्याच्या कालव्यांखाली उसाची बागायत वाढली. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०–५१ च्या गळीत हंगामात सुरू झाला आणि पुढे जिल्ह्यात अनेक सहकारी कारखाने निघाले. या कारखान्यांच्या निर्वात पात्रांत वाढणारा साखरेचा प्रत्येक दाणा हा सुक्रोजाचा स्फटिक असतो. या स्फटिकाच्या संरचनेला सममिती केंद्र नसते. त्यामुळे तो दाबविद्युत् गुणधर्म दाखवितो, म्हणजे दाबाखाली त्याच्या विरुद्ध बाजूंवर विरुद्ध विद्युत् भार उत्पन्न होतात. स्फटिकाला तडा गेला की, तड्याच्या समोरासमोरच्या पृष्ठभागांवर भिन्न भार राहतात व त्यांच्यामधील अरुंद फटीत तीव्र विद्युत् क्षेत्र निर्माण होते. फटीतील हवेत सूक्ष्म विद्युत् विसर्जन होऊन नायट्रोजनाचे रेणू उद्दीपित होतात व प्रकाश देतात. साखरेच्या प्रकाशाचा वर्णपट नायट्रोजनाच्या वर्णपटाशी जुळतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी लाँशांबाँ यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या आरंभी दाखविले. म्हणजे चमकते ती साखर नसून तिच्या तड्यात सापडलेली हवा होय. या प्रकाशाचा पुष्कळ भाग जंबुपार असल्याने डोळ्यांना दिसत नाही. विंटरग्रीन तेलाचा स्वाद असलेल्या गोळ्यांतील मिथिल सॅलिसिलेट हा जंबुपार प्रकाश शोषून निळा प्रकाश देते, म्हणून तशा गोळ्या फोडल्यावर दिसणारा प्रकाश अधिक ठळक असतो. साखरेचा स्फटिक निर्वातात फोडला असता त्यापासून इलेक्ट्रॉन व धन आयन बाहेर पडतात, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. प्रकाशाची चमक आणि कणांचे उत्सर्जन ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत मिळणारी गारगोटीही याच प्रकारची आहे. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर जोराने घासल्या असता पिवळसर प्रकाश दिसतो. पोलाद व चकमक यांच्या ठिणगीहून हा प्रकाश वेगळा आहे. चकमकीच्या ठिणगीत पोलादाचा तापलेला कण हवेत जळतो, गारगोट्यांच्या बाबतीत मात्र तसे काही जळत नाही.

इतिहास : भंगजन्य उत्सर्जनाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. रशियन शास्त्रज्ञ ओब्रेइमोव्ह यांनी १९३० मध्ये अभ्रकाचे पापुद्रे निर्वातात वेगळे करण्यास लागणारी ऊर्जा मोजली व त्या वेळी त्यांना विद्युत् विसर्जनाचा प्रकाश आढळला. घासलेल्या वा खरवडलेल्या पृष्ठभागांपासून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, याकडे जर्मन शास्त्रज्ञ योहानेस क्रामर यांनी १९५० च्या सुमारास लक्ष वेधले. त्यामुळे अशा उत्सर्जनास ‘क्रामर परिणाम’ असेही म्हणतात. मॉस्को येथे कारासेव्ह, क्रोतोव्हा व देर्यागिन यांनी १९५३ मध्ये काचेवर चिकटविलेले बहुवारिकाचे पटल निर्वातात सोलून इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन दाखविले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात जे. टॉमस डिकिन्सन व त्यांचे सहकारी यांनी तंतू, रेझिने, काच, रबर व स्फटिक यांच्या भंगातून बाहेर पडणाऱ्या निरनिराळ्या कणांचे एकाच वेळी मापन करण्याच्या पद्धती विकसित केल्या. या विषयाची आजची मांडणी मुख्यतः त्यांच्या कार्यावर आधारलेली आहे. भारतात रायपूर व जबलपूर येथे बी. पी. चंद्र यांनी स्फटिकांच्या भंगातून निघणाऱ्या प्रकाशाचे विस्तृत संशोधन केले.

उच्चबल तंतूंची संरचना : नायलॉन हा पहिला पूर्णपणे संश्लिष्ट तंतू १९३५ मध्ये अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. त्याच कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ज्या द्रवस्फटिकी विद्रावाचा शोध लावला, त्यातून पुढे ‘केव्हलर’ हा ॲरामिड वर्गातील तंतू निघाला. ॲरामिडाच्या रेणूत बेंझीन वलये व अमाइड गट एकाआड एक येतात. त्यामुळे तो रेणू लवचिक दोरीसारखा न राहता ताठ काडीसारखा असतो. संहत सल्फ्यूरिक अम्लातील विद्रावात अशा काड्या एकमेकींना समांतर लागतात व विद्राव बारीक छिद्रांतून ओढला असता त्या तंतूच्या अक्षाच्या दिशेने मांडल्या जातात. शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या असतात. केव्हलरची घनता सुमारे १·४४ ग्रॅ. प्रती घ. सेंमी. म्हणजे पोलादाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. समान वजनाच्या पोलादापेक्षा तो सुमारे पाचपट बळकट असतो. अतिशय लांब साखळ्यांच्या पॉलिएथिलिनापासून केलेला तंतू त्याहून हलका, पाण्यापेक्षाही किंचित कमी घनतेचा असतो.

या तंतूच्या दिशेनुसार बदलणाऱ्या बळातच त्याच्या भंगाचे वैशिष्ट्य दडलेले आहे. साखळीच्या लांबीच्या दिशेने असलेला कार्बन–कार्बन बंध तोडण्यास सुमारे ३·६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, तर दोन साखळ्यांमधील हायड्रोजन बंधाला याच्या एक दशांशाहूनही कमी ऊर्जा पुरते. म्हणून केव्हलरचा तंतू खडूसारखा आडवा मोडत नाही. त्यात उभ्या चिरा पडतात आणि तुटलेले टोक पिंजलेल्या सुतळीच्या टोकासारखे दिसते. अशा भंगात नव्याने उघडा पडणारा पृष्ठभाग तंतूच्या आडव्या छेदाच्या कित्येक पट असतो. साहजिकच कण बाहेर पडण्यास जागाही तितकी अधिक मिळते.

तंतूवरील भाराचे गणित उद्बोधक आहे. केव्हलरच्या एका तंतूचा व्यास सुमारे १२ मायक्रॉन (मिमी.चा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो व तो सुमारे ३५ ग्रॅ. वजन पेलू शकतो. त्याच्या आडव्या छेदात पन्नास कोटींहून अधिक रेणूसाखळ्या असतात. भार सर्व साखळ्यांवर सारखा वाटला गेला असता, तर प्रत्येक साखळीवर तिचा बंध तोडणाऱ्या बलाचा सुमारे एक दशांश भागच आला असता व तंतू तुटला नसता. प्रत्यक्षात साखळ्यांची टोके, सूक्ष्म पोकळ्या, पृष्ठभागावरील ओरखडे व अपद्रव्ये यांमुळे काही साखळ्यांवर सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त ताण येतो. त्या आधी तुटतात, त्यांचा भार शेजारच्या साखळ्यांवर पडतो व भंग पसरत जातो. तंतूचे बळ हे अशा प्रकारे त्यातील सर्वांत दुबळ्या जागांवरून ठरते.

भंग ही एका क्षणाची घटना नसून कालावलंबी प्रक्रिया आहे, हे लेनिनग्राड येथील सेराफिम झुरकोव्ह यांनी दाखविले. उष्णतेमुळे रेणूंतील अणू सतत कंप पावतात. ताणामुळे बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा कमी होते व उरलेली ऊर्जा एखाद्या कंपनात योगायोगाने मिळाली की, बंध तुटतो. त्यामुळे मोडण्याच्या भारापेक्षा कमी भार दीर्घकाळ टांगून ठेवला, तरी तंतू कधी ना कधी तुटतो. ताण व तापमान वाढले की हा काळ झपाट्याने कमी होतो. १९६० नंतरच्या दशकात नायलॉनचे ताणलेले तंतू इलेक्ट्रॉन परिवलन अनुस्पंदन या तंत्राने तपासले असता, प्रत्यक्ष तुटण्याच्या आधीपासूनच त्यांत मुक्त मूलके (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील अणुगट) साठत असल्याचे दिसले. तुटलेल्या प्रत्येक साखळीची दोन्ही टोके अशी मुक्त मूलके असतात.

उत्सर्जनाची कारणे : तंतूच्या भंगातील उत्सर्जनास मुख्यतः तीन कारणे असतात. (१) बंध तुटताना साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा अतिशय लहान जागेत मोकळी होते. तुटलेल्या टोकांपासून लहान रेणू व त्यांचे तुकडे निसटतात, तसेच तंतूत अडकून राहिलेले पाणी व विद्रावक यांचे रेणूही बाहेर पडतात. उदासीन कणांच्या उत्सर्जनाचे हे कारण आहे. (२) विलग होणाऱ्या दोन पृष्ठभागांवर विद्युत् भार विषम प्रमाणात वाटला जातो. बहुवारिके विद्युत् निरोधक असल्यामुळे हा भार वाहून जात नाही. फटीत नुकत्याच सुटलेल्या वायूत त्याचे सूक्ष्म विसर्जन होते आणि इलेक्ट्रॉन, आयन, प्रकाश व रेडिओ तरंग उत्पन्न होतात. भाराच्या क्षेत्रात सापडलेले काही इलेक्ट्रॉन हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत गतिमान होतात, तथापि बहुतेकांची ऊर्जा फारच कमी असते. (३) भंगाच्या वेळी पृष्ठभागावरील दोषस्थानी अडकलेले इलेक्ट्रॉन व धन भार नंतर हळूहळू मोकळे होऊन एकत्र येतात. त्यांच्या संयोगातून सुटणाऱ्या ऊर्जेने आणखी काही इलेक्ट्रॉन वा फोटॉन बाहेर फेकले जातात. भंग संपल्यावरही उत्सर्जन काही काळ क्षीण होत चालू राहते ते यामुळे.

यांपैकी दुसऱ्या कारणाचे सामर्थ्य २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील प्रयोगशाळेत दिसून आले. बाजारात मिळणारी साधी चिकटपट्टी निर्वातात तिच्या गुंडाळीवरून यंत्राने सोलली असता क्ष-किरण बाहेर पडले व त्यांच्या साहाय्याने मानवी बोटाचे क्ष-किरण छायाचित्र घेता आले. हवेत हेच केल्यास मंद प्रकाश दिसतो, पण क्ष-किरण मिळत नाहीत, कारण हवेच्या रेणूंवर आदळून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा नष्ट होते. घरात चिकटपट्टी वापरण्यात कोणताही धोका नाही.

मापन : इलेक्ट्रॉन व आयन हवेत फार दूर जाऊ शकत नाहीत, म्हणून प्रयोग उच्च निर्वातात करतात. निर्वात कोठीत तंतूची दोन्ही टोके चिमट्यांत धरून बाहेरून नियंत्रित केलेल्या यंत्रणेने तो ताणतात. तंतूजवळ इलेक्ट्रॉन-गुणक ठेवलेला असतो. त्यात शिरलेल्या एका इलेक्ट्रॉनापासून लक्षावधी इलेक्ट्रॉनांचा लोट निर्माण होतो आणि प्रत्येक कण स्वतंत्रपणे मोजता येतो. गुणकाच्या तोंडावरील विद्युत् दाबाचे चिन्ह बदलून इलेक्ट्रॉनांऐवजी धन आयन पकडता येतात. प्रकाश-गुणक नलिकेने फोटॉन मोजतात व द्रव्यमान वर्णपटमापकाने उदासीन रेणूंची ओळख पटवितात. तंतूवरील भार, त्याची लांबीतील वाढ व भंगाचा ध्वनी यांची नोंद त्याच कालमापनावर घेतल्यामुळे कोणता कण भंगाच्या कोणत्या टप्प्यावर बाहेर पडला, हे ठरविता येते.

संमिश्रांतील उत्सर्जन : बहुतेक उपयोगांत तंतू एकटा नसतो. तो एपॉक्सीसारख्या रेझिनाच्या आधारद्रव्यात बसविलेला असतो व त्या दोहोंच्या जोडणीस संमिश्र म्हणतात. संमिश्राचे बळ तंतू व आधारद्रव्य यांच्यामधील आसंजनावर (चिकटून राहण्यावर) पुष्कळ अवलंबून असते. निव्वळ एपॉक्सी तुटताना उत्सर्जन अल्प असते व लगेच थांबते. तिच्यात काचेचे वा अन्य तंतू असून ते आधारद्रव्यापासून सुटत असतील, तर उत्सर्जन कितीतरी पटींनी वाढते व अधिक काळ टिकते. दोन भिन्न द्रव्ये विलग होताना विद्युत् भाराचे विभाजन अधिक होते, हे याचे कारण होय. त्यामुळे भंग आधारद्रव्यातून गेला की तंतूच्या पृष्ठभागालगत गेला, हे उत्सर्जनाच्या प्रमाणावरून व ऱ्हासाच्या कालावरून ओळखता येते. तुटलेल्या तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत भंगाचा शेवटच दिसतो. उत्सर्जनाच्या नोंदीतून त्याचा क्रम कळतो.

महत्त्व : चिलखती वाहनांवर मारा झाला असता, कवच भेदले गेले नाही तरी त्याच्या आतील बाजूच्या कपच्या उडून सैनिक जखमी होऊ शकतात. त्या अडविण्यासाठी आत ॲरामिड कापडाचे अस्तर लावण्याची पद्धत आहे. अहिल्यानगर येथे भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. लष्करी वाहनांशी निगडित अशा ठिकाणी तंतूंच्या भंगाचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. गोळी वा कपची अडविताना तंतू ताणले जातात, चिरतात व तुटतात आणि त्यातच आघाताची ऊर्जा खर्च होते. तंतू किती ऊर्जा शोषून तुटतो हे त्याच्या बळाइतकेच महत्त्वाचे ठरते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व दमटपणा यांमुळे ॲरामिडाचे बळ कालांतराने घटते, म्हणून चिलखती कपड्यांना वापराची मुदत ठरवून द्यावी लागते.

दाबपात्रांत दीर्घकालीन भाराचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या अवकाश शटल यानांत वायू साठविण्यासाठी केव्हलरचे वेष्टन असलेली दाबपात्रे वापरलेली होती. ती वर्षानुवर्षे भाराखाली राहिल्यामुळे, कोणतीही पूर्वसूचना न देता त्यांचे तंतू तुटण्याच्या शक्यतेचा विचार करावा लागला. झुरकोव्ह यांच्या विवेचनातील कालावलंबी भंग तो हाच.

उत्सर्जनाबरोबर होणाऱ्या विद्युत् विसर्जनाचा दुसराही परिणाम संभवतो. स्फोटक द्रव्याचे स्फटिक वा घन इंधने यांना तडे जाताना उत्पन्न होणारी ठिणगी त्यांच्या प्रज्वलनास कारणीभूत होऊ शकेल काय, हा संशोधनाचा विषय आहे. तंतूच्या पृष्ठभागावरील स्थिर विद्युत् भार किती घातक ठरू शकतो, हे ११ जानेवारी १९८५ रोजी पश्चिम जर्मनीतील हाइलब्रॉन येथे दिसले. पर्शिंग–२ क्षेपणास्त्राच्या केव्हलर कवच असलेल्या एंजिनास, ते पेटीतून काढत असताना, आग लागून तीन अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. कोरड्या, थंड हवेत कवचावर साठलेला स्थिर विद्युत् भार हे या अपघाताचे कारण ठरले. येथे तंतू तुटलेला नव्हता व भार घर्षणाने आला होता. तथापि विद्युत् निरोधक तंतूवर साठलेला भार निसटण्यास वाट मिळाली नाही तर काय घडते, हे त्यावरून कळते. अशा वस्तू जमिनीशी विद्युत् वाहकाने जोडणे व हवेतील दमटपणा राखणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

मर्यादा : इलेक्ट्रॉन व आयन मोजण्यासाठी निर्वात लागत असल्याने ही पद्धत प्रयोगशाळेपुरती मर्यादित राहिली आहे. वापरात असलेल्या पुलाच्या तारा, दाबपात्रे वा विमानांचे भाग यांच्या तपासणीसाठी भंगातून निघणारे ध्वनितरंग टिपण्याची पद्धत अधिक सोयीची ठरते. हवेतही टिपता येणारा प्रकाश व रेडिओ तरंग यांचा त्यासाठी वापर करण्याचे प्रयत्न झाले आहेत. ताण पडताच प्रकाश देणारी द्रव्ये लेपात मिसळून, सांगाड्यात कोठे तडा जात आहे हे दाखविण्याचीही कल्पना पुढे आली आहे. क्वॉर्ट्झयुक्त खडक भंगताना होणाऱ्या विद्युत् चुंबकीय उत्सर्जनाचा संबंध भूकंपाच्या वेळी दिसल्याचे सांगितल्या जाणाऱ्या प्रकाशाशी जोडला जातो. परंतु त्यावरून भूकंपाचे भाकीत करण्याची खात्रीलायक पद्धत अस्तित्वात आलेली नाही. तंतूंच्या बाबतीत या अभ्यासाचे खरे फळ वेगळे आहे. तंतू कोठे दुबळा आहे, तो आधारद्रव्याला किती घट्ट धरून आहे व भंगाची सुरुवात कोणत्या जागी होते, यांची माहिती त्यातून मिळते आणि तिचा उपयोग अधिक विश्वसनीय तंतू व संमिश्रे तयार करण्यासाठी होतो.